लोकलला मोटरमन असताना मागे गार्ड कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिल्लीत मेट्रो ड्रायव्हरशिवाय धावते, लंडनच्या भुयारी रेल्वेतला शेवटचा गार्ड २००० साली गेला, मग मुंबईच्या लोकलला पुढे मोटरमन आणि मागे गार्ड अशी दोन माणसं कशाला? कॅमेरे लावा, दारं आपोआप बंद होणारी करा, मोटरमन एकटा गाडी नेईल आणि एक पगार वाचेल.

मी मुंबईच्या लोकलवर २८ वर्षं गार्ड होतो. जानेवारी २०२२ पासून या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं आहे, पण फलाटावर आणि लॉबीत, म्हणजे आमच्या हजेरीच्या खोलीत, अजून गार्डच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

उत्तर आधी सांगतो. गाडी चालवायला दुसरा माणूस लागत नाही. तो लागतो दोन प्रसंगी. एक, गाडी फलाटावरून सुटते ते पाच-सहा सेकंद. दुसरा, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकून पडते ते तास. पहिलं काम यंत्राकडे सोपवता येतं आणि जगात बऱ्याच ठिकाणी सोपवलंही आहे. दुसरं सोपवता येत नाही. आणि बंद दारांच्या गाड्या आल्या की गार्ड नकोसा होईल हा जो समज आहे, तो मला नेमका उलटा वाटतो.

आधी फलाटाचं बघू.

बारा डब्यांची लोकल साधारण २६० मीटर लांब असते. मोटरमन पुढे तोंड करून बसलेला, डोळे सिग्नलवर. त्याच्या पाठीमागे काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. गाडी थांबली की गार्ड आपल्या केबिनच्या दारात येतो आणि फलाटभर नजर टाकतो. चढउतार झाली असं दिसलं की दोन बेल देतो, मोटरमन त्या दोन बेल परत वाजवतो आणि गाडी हलते. एक बेल म्हणजे थांब. गाडी हलल्यावरही गार्डचं डोकं बाहेर असतं, फलाट संपेपर्यंत. त्याच्या हाताशी आणीबाणीचा ब्रेक असतो.

सगळी अक्कल लागते ती कशाकडे बघायचं यात. गर्दीच्या वेळी फलाटावर तीनचारशे माणसं हलत असतात आणि त्यात नजर ठेवायची ती न हलणाऱ्या गोष्टीवर. एका संध्याकाळी दादरला मी दोन बेल दिल्या होत्या, मोटरमनच्या दोन परत आल्या होत्या, गाडीला पहिला हिसका बसला होता. मधल्या एका डब्याच्या दाराशी मला हिरव्या बांगड्यांचं एक मनगट दिसलं. चढणारे हात वर जातात, उतरणारे खाली येतात, हे मनगट दाराच्या दांड्यापाशी होतं तिथेच होतं. बाकीची बाई गर्दीत दिसतच नव्हती. मी एक बेल दिली आणि ब्रेक टाकला. गाडी चारपाच फूट सरकून थांबली. ती आई खाली उतरलेली, सातआठ वर्षांची मुलगी आतच राहिलेली, आणि मुलीच्या दप्तराचा पट्टा आईच्या मनगटाला दोन वेढे घेऊन. तिने तो गर्दीत मुलगी सुटू नये म्हणून स्वतःच गुंडाळला होता. पुढच्या चार सेकंदांत काय झालं असतं ते मला इथे लिहायचं नाही.

हे कॅमेऱ्यात दिसलं असतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर दिसलं असतं. आजचे कॅमेरे चांगले आहेत. प्रश्न आहे तो बघणाऱ्याचा. मोटरमन एकटा असेल तर त्याच क्षणी त्याला सिग्नलही बघायचा असतो, आणि गाडी हलल्यावर तर फक्त पुढेच बघायचं असतं. ब्रिटनमध्ये लंडन-बेडफर्ड मार्गावर १९८३ पासून एकटा ड्रायव्हर गाडी नेतो, दारंही तोच लावतो. तिथल्या रेल्वे सुरक्षेच्या नियामकानेही म्हटलं आहे की योग्य साधनं, योग्य प्रशिक्षण आणि योग्य पद्धत असेल तर ही व्यवस्था सुरक्षित असू शकते. टोकियोची नांबोकू मेट्रो १९९१ साली सुरू झाली ती फलाटाच्या कडेला काचेची भिंत उभारून, एकाच माणसावर. काचेची भिंत असली की माणूस गाडी आणि फलाट यांच्या मध्ये जाऊच शकत नाही. तिथे हिरव्या बांगड्या शोधायला कोणाला उभं करायची गरज नाही, हे मी मान्य करतो.

शिवाय गार्ड आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे, असंही मी म्हणणार नाही. लिव्हरपूलच्या जेम्स स्ट्रीट स्टेशनात ऑक्टोबर २०११ मध्ये १६ वर्षांची एक मुलगी गाडीला टेकून उभी असताना गार्डने गाडी सोडायची खूण दिली. मुलगी गाडी आणि फलाट यांच्या मध्ये पडून मरण पावली आणि गार्डला तुरुंगवास झाला. तिथे दारं बंद होणारी होती, गार्डही जागेवर होता. आमच्याकडे नवीन पोरं शिकायला यायची तेव्हा मी त्यांना हा प्रसंग सांगत असे, कारण दोन बेल ही हाताची सवय होऊन बसते. दिवसाला शंभरसव्वाशे वेळा दिल्यावर हात आपोआप जातो, आणि डोळे मागे राहतात.

पण मुंबईची लोकल आज तरी त्या जगातली नाही. बहुतेक गाड्यांची दारं उघडी, फलाटांची उंची कमीजास्त, काही फलाट वळणावर, आणि दारात लटकणारी माणसं. या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यातले चार त्याच दिवशी गेले. ही खबर दिली ती कसारा लोकलच्या गार्डने. मोटरमनच्या मागे पडलेला माणूस मोटरमनला दिसत नाही. मागच्या टोकाला डोळे होते म्हणून ते कळलं, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना सावध करता येतं तेही त्यामुळेच.

आता दिल्लीचं. मॅजेंटा मार्ग २८ डिसेंबर २०२० पासून ड्रायव्हरविना चालतो, पिंक मार्ग नोव्हेंबर २०२१ पासून. मी निवृत्तीनंतर मुद्दाम जाऊन त्यात बसून आलो. व्यवस्था उत्तम आहे. पण ती कशावर उभी आहे ते बघा. रूळ एकतर खांबांवर नाहीतर भुयारात, त्यामुळे गाय, माणूस, रिक्षा कोणी आडवं येत नाही. फलाटाला दारं. डब्याडब्यात कॅमेरे आणि कंट्रोल रूममध्ये ते बघणारी माणसं. डब्यातून डब्यात मोकळी वाट. स्टेशनं जवळ जवळ, प्रत्येक स्टेशनात प्रशिक्षित माणसं, गाडी अडकली तर काही मिनिटांत पोचणारी. म्हणजे गाडीतली माणसं कमी केली ती फलाटावर आणि कंट्रोलमध्ये उभी करून. हा हिशेब करताना लोक गाडीच्या केबिनमध्ये डोकावतात, रिकामी खुर्ची दिसते आणि माणूस वाचला म्हणतात.

आणि यंत्र चुकतंच. जपानात योकोहामाला १ जून २०१९ रोजी ड्रायव्हरविना चालणारी गाडी स्टेशनातून उलट्या दिशेने सुटली आणि रूळ संपतात तिथल्या अडथळ्यावर, म्हणजे बफरवर, आदळली. डझनाहून अधिक माणसं जखमी झाली. गाडीत कर्मचारी कोणीच नव्हता. सेवा पुन्हा सुरू केली ती आधी ड्रायव्हर बसवून, आणि दुरुस्ती झाल्यावर सुमारे तीन महिन्यांनी आपोआप चालवायला लागले. मला यातलं आवडलं ते हे की त्यांनी घाई केली नाही.

मूळ मुद्दा दुसऱ्या प्रसंगाचा आहे. त्यावर जास्त लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. माझी गाडी कल्याणकडे जाणारी, दुपारी तीनच्या सुमारास शीव आणि कुर्ला यांच्या मध्ये उभी राहिली. लोकलच्या मोटरी डब्याखाली चाकांपाशी असतात, रुळांवर पाणी चढलं की गाडी नेता येत नाही. थोड्या वेळाने ओव्हरहेड वायरची वीज गेली, पंखे बंद पडले. बॅटरीवरचे मोजके दिवे होते, तेही रात्री नऊनंतर मंदावत गेले. मोबाइल लागत नव्हते. रूळ कुठला आणि शेजारचा नाला कुठला हे वरून कळेना, सगळं एकच काळं पाणी.

अशा वेळी मोटरमनने पुढची केबिन सोडायची नसते. कंट्रोलशी बोलणं झालं तर तिथूनच होणार, वीज आली तर गाडी तोच हलवणार. आमचं बेलवर आणि मग समोरासमोर ठरलं: त्याने कंट्रोल बघायचं, मी माणसं.

साध्या लोकलमध्ये डब्यातून डब्यात जाता येत नाही, हे लक्षात घ्या. मागच्या केबिनमधून खाली उतरायचं, पाण्यातून प्रत्येक डब्याच्या दारापाशी जायचं. पाणी कमरेपर्यंत. एका हाताने दाराचे दांडे धरत, दुसऱ्या हातात टॉर्च. प्रत्येक डब्यापाशी मी तीन वाक्यं बोलत होतो: गाडी उलटणार नाही. पाणी उतरेपर्यंत कोणी खाली पाऊल टाकू नका. मी तासाभराने परत येतो.

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात जास्त कामाला आलं. पहिल्या फेरीत लोक माझ्यावर ओरडले, शिव्याही दिल्या, दोन पोरांनी उडी मारायची तयारी केली होती. तासाने मी खरंच परत गेलो तेव्हा ओरडणं निम्मं झालं. तिसऱ्या फेरीपासून ते माझी वाट बघायला लागले आणि डब्यातली बातमी मला द्यायला लागले. इथे एका आजोबांना साखरेचा त्रास आहे. इथे कोणाला चक्कर येते. लेडीज डब्यात सातवा महिना लागलेली एक मुलगी होती, तिच्या पोटात दुखायला लागलं. चार डबे मागे एक नर्स बसली आहे हे मला आधीच्या फेरीत कळलं होतं. तिला मी आणि दोन प्रवाशांनी हात धरून पाण्यातून लेडीज डब्यापर्यंत आणलं. ती पहाटेपर्यंत त्या मुलीपाशी बसून राहिली.

रात्री कधीतरी बाजूच्या वस्तीतली माणसं भिंतीवरून चालत आली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेले ग्लुकोजचे पुडे आणि चहाची किटली देऊन गेली. किटली एक आणि डबे बारा. आधी लहान मुलं, मग म्हातारी माणसं, असं मी सांगितलं आणि कोणी वाद घातला नाही. रात्रभरात माझ्या आठ फेऱ्या झाल्या. सकाळी साडेसहाच्या सुमारास पाणी उतरून रूळ दिसायला लागले, तेव्हा वीस-वीस जणांच्या रांगा करून, पुढच्याचा खांदा धरायला लावून, माणसं कुर्ल्याच्या फलाटावर नेली. उडी मारणारी जी दोन पोरं होती त्यांनीच शेवटच्या रांगा आणल्या.

त्या रात्री मोटरमन एकटा असता तर त्याला दोनांतलं एक निवडावं लागलं असतं, केबिन किंवा माणसं. तो चांगला, अनुभवी मोटरमन होता. तरीही एका माणसाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही.

तुम्ही म्हणाल, असा दिवस शंभर वर्षांत एकदा येतो. नाही. पाऊस तसा एकदाच आला असेल, गाडी अडकणं दर महिन्याला होतं. छतावरचा वीज घेणारा सांगाडा, पेंटोग्राफ, ओव्हरहेड वायरमध्ये गुंततो, सिग्नल जातो, पुढच्या गाडीखाली कोणी येतं. पंधरावीस मिनिटं गाडी उभी राहिली की लोक उतरून रुळांवरून चालायला लागतात, आणि शेजारच्या रुळांवर गाड्या चालू असतात. माणसं मरतात ती बिघाडाने नाही, त्या चालण्याने.

ज्या लंडन-बेडफर्ड मार्गाचा उल्लेख वर केला, त्याच मार्गावर २६ मे २०११ ला हेच घडलं. केंटिश टाऊन स्टेशनाजवळ संध्याकाळच्या गर्दीची गाडी वीज जाऊन अडकली, सुमारे तीन तास. गाडीत शेकडो प्रवासी आणि कर्मचारी एकच, ड्रायव्हर. आत हवा नाही, माहिती नाही. लोकांनी आपल्या हाताने दारं उघडली आणि रुळांवर उतरायला सुरुवात केली. पुढे मदतीची गाडी आल्यावर गाडी काही अंतर हलली तीही काही दारं उघडी असताना. कोणाचा जीव गेला नाही, हे नशीब. ती व्यवस्था रोजच्या दिवशी अगदी सुरळीत चालते. अडकलेल्या दिवशी तिच्याकडे माणसं नव्हती.

आणि दक्षिण कोरियातलं देगू. १८ फेब्रुवारी २००३. जुंगांग्नो स्टेशनात एका माणसाने डब्यात ज्वालाग्राही द्रव ओतून आग लावली. त्याच वेळी समोरच्या फलाटावर दुसरी गाडी आली आणि वीज गेल्यामुळे अडकली. दोन्ही गाड्या सहा डब्यांच्या, प्रत्येकीत चालक एकटा. दुसऱ्या गाडीचा चालक कंट्रोलशी बोलत होता, प्रवाशांना आत थांबायला सांगत होता, वीज येते का बघत होता, हे सगळं एकाच वेळी. शेवटी पळायचा हुकूम आला तेव्हा तो मास्टर चावी काढून घेऊन निघाला आणि बरीच दारं बंदच राहिली. एकूण १९२ माणसं गेली, बहुतेक या दुसऱ्या गाडीतली, जिला आग लावलीच नव्हती. त्या डब्यांची आसनं आणि आतलं अस्तर पेट घेणारं होतं, कंट्रोलचे हुकूम उशिरा आले, चालकाचंही चुकलं. कारणं अनेक होती. पण सहा डब्यांच्या मागच्या टोकाला एक प्रशिक्षित माणूस असता आणि त्याने आपल्या बाजूची दारं हाताने उघडायला लावली असती, तर किती जण वाचले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

यावरून मी बंद दारांच्या मुद्द्याकडे येतो.

मुंबईत पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर धावली. तिची दारं गार्ड उघडतो-लावतो, आणि सगळी दारं लागल्याशिवाय गाडी सुटत नाही. मुंब्र्याच्या घटनेनंतर रेल्वेने जाहीर केलं की मुंबईसाठीच्या सगळ्या नव्या लोकल आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या असतील. बिगर-एसी गाड्यांच्या दारांना हवेसाठी झडपा असतील, छतावरून हवा आत घ्यायची सोय असेल आणि डब्यातून डब्यात जायला वाट असेल. हा निर्णय मी मनापासून मानतो. दारातून पडणारी माणसं मी बघितली आहेत. दारं बंद व्हायलाच हवीत.

पण उघड्या दाराची लोकल अडकली तर निदान हवा येते. बंद दाराची गाडी भर मे महिन्यात, गर्दीच्या वेळी, वीज जाऊन उभी राहिली की डबा तापायला दहा मिनिटं पुरतात. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात मुंबईची मोनोरेल म्हैसूर कॉलनीजवळ खांबांवर अडकली, आत पाचशेहून अधिक माणसं. वीज गेली, एसी बंद, दारं बंद. अग्निशमन दलाने शिड्या लावून, काच फोडून त्यांना काढलं, काही तास लागले. लोक गुदमरले. तिथे उतरायला खाली जमीनच नव्हती, म्हणून प्रश्न वेगळा होता. लोकलला जमीन आहे, आणि तोच धोका आहे, कारण घाबरलेला माणूस आणीबाणीचा दांडा ओढून समोर दिसेल ते दार उघडतो. ते दार चालू रुळांच्या बाजूचं असेल तर?

कोणत्या बाजूची दारं उघडायची, किती उघडायची, शेजारची वाहतूक थांबल्याचं कंट्रोलकडून कळलं आहे का, आधी कुठल्या डब्यातली माणसं काढायची, हे ठरवायला आत माणूस लागतो. घोषणेच्या भोंग्यातून ते होत नाही. भोंग्यावर लोकांचा विश्वास का नसतो ते २६ जुलैला मला कळलं: भोंगा परत येतो म्हणत नाही.

लांब पल्ल्याच्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमचा प्रश्न लोकलचा आहे. तिथे इंजिनात लोको पायलट आणि सहायक असे दोघं, शेवटच्या डब्यात गार्ड, मध्ये टीसी, एसी डब्यांना अटेंडंट. गार्डच्या पेटीत झेंड्या, हातदिवा आणि रुळावर लावायचे फटाके असतात. गाडी मध्येच अडकली आणि मागून दुसरी येण्याची शक्यता असली तर गार्डने मागे चालत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके लावायचे, हा ब्रॉडगेजचा नियम. मागच्या गाडीच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर ब्रेक टाकतो. सिग्नल यंत्रणा सुधारली तशी ही वेळ क्वचित येते, आणि मालगाड्यांवर गार्डऐवजी शेवटच्या डब्याला यंत्र लावायचं काम चालू आहे. मालगाडीबद्दल माझी तक्रार नाही. कोळशाला धीर द्यावा लागत नाही. पण २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, तेव्हा सुमारे १०५० माणसं बोटी येईपर्यंत गाडीतच थांबली आणि सगळी सुखरूप बाहेर आली. खाली न उतरणं हाच त्यांचा बचाव होता. माझं मत असं की एसी डब्याच्या अटेंडंटपासून सफाईच्या मुलांपर्यंत गाडीत जो जो कामाला आहे, त्याला सुटकेचं प्रशिक्षण सक्तीचं करायला हवं. चादरी देणाऱ्या मुलाला त्याच्या डब्याची खिडकी कशी उघडते हे पाठ हवं.

गार्डचं काम कधीच बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. हे पद मुळात ब्रेक मारायला होतं. जुन्या काळी इंजिनाचा ब्रेक सगळ्या डब्यांना पोचत नसे, म्हणून मागच्या डब्यात माणूस बसवून हाताने चाक फिरवून ब्रेक लावत, ब्रेकव्हॅन हे नाव त्यावरून आलं. आयर्लंडमध्ये १८८९ साली आर्माजवळ डबे उतारावरून मागे घरंगळून मोठा अपघात झाला, आणि त्याच वर्षी तिथल्या कायद्याने प्रवासी गाडीच्या सगळ्या डब्यांना एकत्र लागणारा ब्रेक सक्तीचा केला. तिथल्या प्रवासी गाड्यांवरचं गार्डचं मूळ काम तेव्हाच संपत आलं. माणूस राहिला, कारण दुसरी कामं होती. आता दोन बेलचं कामही जाईल, जाऊ दे.

पगाराचं म्हणाल तर गर्दीच्या लोकलमध्ये चार हजारांच्या पुढे माणसं असतात आणि एक गार्ड दिवसात चारपाच फेऱ्या करतो. त्याचा दिवसाचा पगार त्या माणसांवर वाटून बघा. मी केलेला आहे तो हिशेब, माणशी काही पैसे येतात.

माझं मागणं वेगळंच आहे. नव्या गाड्यांत डब्यातून डब्यात वाट येणार असेल तर गार्डला मागच्या केबिनमध्ये कोंडून ठेवू नका. दारं आणि कॅमेऱ्यांचं काम मोटरमनच्या केबिनमधून होऊ द्या, आणि गार्डला डब्यांमध्ये फिरू द्या. बारा डब्यांना शक्यतो दोन गार्ड, सहा-सहा डब्यांचे. अंगावर ओळखू येईल असं जाकीट, हातात कंट्रोलशी थेट बोलायचं यंत्र, खिशात दाराची चावी. लेडीज डब्यात रात्री त्याचा उपयोग किती होईल हे मी वेगळं सांगायला नको.

आणि त्याला शिकवा. कारशेडमध्ये एक रिकामी गाडी उभी करा, दिवे आणि हवा बंद करा, दीडदोनशे माणसं आत बसवा आणि नवीन गार्डला मागच्या टोकाला सोडा. पुढच्या टोकापर्यंत पोचायला त्याला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. मग त्याला शेजारचा रूळ बंद असल्याची खात्री करून, योग्य बाजूची दारं हाताने उघडून सगळी माणसं खाली उतरवायला लावा. तेही मोजा. साध्या लोकलला, बाहेरून, कोरड्या दिवसात, मागून पुढे जायला मला साडेचार मिनिटं लागायची. त्या रात्रीच्या पाण्यातून पहिल्या फेरीला पंचावन्न मिनिटं लागली होती.